एकमेकांच्या शिफारशी

माझ्या ताईच्या यजमानांना कारखान्यात सगळे मायक्रोमीटर म्हणत. नाव चेष्टेनं पडलेलं, पण त्यांना त्याचा राग नव्हता. मी आपली भावोजी म्हणते. गॅसच्या लाइनीला बसणारे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात ते फायनल इन्स्पेक्शनला होते. म्हणजे माल तयार झाला, पुसून चकचकीत झाला, की खोक्यात जाण्याआधी शेवटचा यांच्या टेबलावर यायचा. हे मोजणार आणि पास की नापास ते सांगणार. त्यांची खोली कायम वीस अंशांवर ठेवलेली असे, कारण धातू उन्हानं फुगतो नि थंडीनं आकसतो, आणि माप घ्यायचं ते वीस अंशांवरच. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात हा माणूस पिशवीत स्वेटर टाकून कामाला निघायचा. शेजारणी ताईला हळूच विचारायच्या, "अहो, यांना बरं नाही का?"

त्या खोलीत मापांच्या प्रत्येक तक्त्यावर दोन सह्या लागत. एक मोजणाऱ्याची, दुसरी पुन्हा मोजून खात्री करणाऱ्याची. आता पाळी सुटायला दहा मिनिटं राहिलेली असताना पुन्हा कोण मोजतो? "ठोक रे दुसरी," असं म्हणत तक्ता पुढे सरकायचा आणि शेजारचा न बघता सही ठोकायचा. आज मी तुझ्यावर, उद्या तू माझ्यावर. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं, आणि पहिला मोजणारा नीट असला की बिघडतही काही नसे. फक्त भावोजींपुढे तक्ता आला की ते पेनाऐवजी गेज, म्हणजे मोजायचं साधन, उचलायचे. बाहेर बस भोंगे वाजवतेय, लोक दारात चुळबुळतायत, आणि हे एकेक व्हॉल्व्ह पुन्हा फिरवून बघतायत. त्यावरून त्यांनी किती शिव्या खाल्ल्या असतील, त्याला माप नाही.

पास झालेला माल त्यांच्या खोलीच्या खिडकीतून पलीकडे सरकवला जायचा. पलीकडे पॅकिंग. तिथे जो बसायचा त्याला सगळे डिंक्या म्हणत. हाताला सतत चिकटपट्टी, आणि बोलायला लागला की माणसाला सोडायचा नाही. गोलमटोल, हसरा, दिवसभर बडबड. भावोजी तासातासाला एक वाक्य बोलणार आणि हा खिडकीत कोपरं टेकून त्यांना सिनेमाच्या गोष्टी सांगणार. आठ वर्षं त्यांची ही अशी जोडी होती. ताई म्हणायची, "माझ्याशी लग्न झालंय, पण संसार त्या खिडकीशी आहे."

मग कारखाना दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. यंत्रं गेली, माणसं राहिली. भावोजींचं वय तेव्हा एक्कावन्न.

पहिले तीन महिने ते जुन्या पद्धतीनं फिरले. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये प्रमाणपत्रं, इस्त्रीचा शर्ट, सकाळी नऊला एखाद्या कारखान्याच्या फाटकावर हजर. फाटकावरचा माणूस फाइल हातातही घ्यायचा नाही. "काका, ऑनलाइन भरा." दुसऱ्या फाटकावरही तेच. तिसऱ्या फाटकावर तर आत कोण साहेब आहेत हेसुद्धा सांगेनात. ते घरी येऊन फाइल कपाटात उभी ठेवत आणि जेवायला बसत. ताई वाढायला घ्यायची. विचारण्यासारखं त्यांच्या तोंडावर काही नसायचंच.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, कचेरीत माणसं निवडायच्याच कामात. तिनं फोनवर एकदा स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुम्ही नेटवर नाहीच आहात. तुमचं नाव टाकलं तर काय निघतं माहितेय? लोखंडी सामानावरच्या तक्रारी."

ते खरं होतं. भावोजींनी खरेदीच्या साइटवर एकेचाळीस वस्तूंवर मत लिहून ठेवलं होतं. बिजागरी: 'जाडी दोन मिलिमीटर लिहिली आहे, प्रत्यक्षात एक पूर्णांक बहात्तर. दोन तारे.' कुकरची रिंग: 'गोलाई बरोबर आहे, परंतु रबर वर्षभर टिकेल असे वाटत नाही. पाहून कळवीन.' आणि वर्षानं त्याच पानावर खरंच कळवलेलं. 'टिकली. चार तारे.' मी वाचताना हसून हसून लोळले. भाची मात्र हसली नाही. "मावशी, हे सगळं काढायला लाव. कुरकुऱ्या म्हातारा वाटतो." त्यांनी एका दुपारी बसून एकेचाळीसच्या एकेचाळीस मतं काढून टाकली. काढण्याआधी प्रत्येक वाचलं.

नोकरीच्या साइटवरचं पान मी तयार करून दिलं. माझ्या घरी लॅपटॉप आहे, नेट आहे, आणि कॉलेजात असल्यापासून चार ओळी बऱ्या लिहायची मला सवय आहे. फोटोसाठी आमच्या ह्यांचा कोट त्यांना घातला, बैठकीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं.

"हसा ना भावोजी."

"हसलोय."

बारा फोटो काढले. त्यातल्या त्यात नवव्यात हसल्यासारखे दिसत होते, तो लावला. मग मी लिहिलं, 'गुणवत्ता तपासणीतला सव्वीस वर्षांचा अनुभव.'

"पंचवीस वर्षं दहा महिने," ते म्हणाले.

"अहो, सगळे लिहितात असं."

"लिहू देत. आपलं पंचवीस वर्षं दहा महिने लिही, धाकटे."

धाकटी म्हणजे मी. ताईच्या लग्नात मी सातवीत होते, तेव्हापासून त्यांच्या तोंडी हेच. लिहिलं मग, पंचवीस वर्षं दहा महिने.

अर्ज जायला लागले. रोज दोन, कधी तीन. उत्तरं येत नव्हती, आणि आली तर इतक्या झटपट की वाचायला माणूस बसलेलाच नाही हे कळावं. भाचीनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यांच्या डोक्यात घट्ट बसली. "बाबा, कामातला गॅप वर्षाच्या आत आहे तोवर ठीक आहे. वर्ष उलटलं की बऱ्याच ठिकाणी अर्ज चाळतानाच बाजूला पडतो. माणसापर्यंत जातच नाही." त्या दिवशी त्यांनी ताईकडून कॅलेंडर मागून घेतलं आणि कारखाना सुटल्याला वर्ष पुरं होणाऱ्या तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला. तोवर काम मिळायला हवं. दुसरं काही त्यांनी त्यानंतर मनात ठेवलं नाही. ताईनंही नाही. ती सकाळी दूध तापवताना त्या गोलाकडे बघायची आणि मग दिवस मोजायची.

सहाव्या महिन्यात शिफारशींचं निघालं. त्या साइटवर जुन्या सोबत्यानं तुमच्याबद्दल चार शब्द लिहिले की ते तुमच्या पानावर दिसतात, आणि तसं दिसलं की वजन पडतं, असं कुणीतरी ऐकून आलं. फायनल आणि आजूबाजूच्या विभागांतल्या बाराजणांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात ठरलं की एका रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे जमायचं. प्रत्येकानं आपल्या पुढच्याबद्दल लिहायचं, शेवटच्यानं पहिल्याबद्दल. "दुसरी सही रे, दुसरं काय," डिंक्या म्हणाला आणि सगळे हसले. इतकं ते त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. यात काही वावगं आहे असं त्या खोलीत कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

बारा माणसं आमच्या बैठकीत दाटीवाटीनं बसली. पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहून आणलेले. बारांपैकी सात जणांचा पासवर्ड म्हणजे बंद पडलेल्या कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. त्यांच्यातला वेल्डर सगळ्यांना ऐकू जाईल असा माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तरीणबाई, माझ्याबद्दल जरा रंगवून लिहा. बायको वाचणार आहे." मी कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण त्यांनी मला मास्तरीणबाई करून टाकलं होतं. ते सांगायचे, मी टाइप करायची. "मेहनती आहे." "वेळेवर येतो." "बरा आहे, लिहा काहीतरी." याच्यापलीकडे कुणाला शब्द सुचत नव्हते, तेव्हा शब्द मी घातले. पहिल्या सहा जणांचं मनापासून लिहिलं. सातव्यापासून माझा हात दमला आणि मी वाक्यं इकडची तिकडे फिरवायला लागले. 'कामावर निष्ठा आणि नजरेत अचूकता' हे मला फारच आवडलेलं, ते पाच जणांच्या वाट्याला आलं.

नवव्या नंबरावर भावोजी होते आणि त्यांच्यापुढे डिंक्या.

डिंक्याला 'तपासनीस' असं लिहून हवं होतं. पॅकिंगची कामं आता सगळी ठेकेदाराकडे, आज आहेस उद्या नाहीस अशी. तपासनीसाची जागा म्हणजे कंपनीची नोकरी. "लिही ना रे," तो म्हणाला. "आठ वर्षं त्या खिडकीत बसून तुझंच बघत होतो. बघून बघून आलंच की मला."

"बघितलंस. मोजलं नाहीस."

"तू एक दिवस तरी हात लावू दिलास का गेजला? बायकोलासुद्धा लावू देणार नाहीस तू!"

सगळे हसले. भावोजी हसले नाहीत. ते लॅपटॉपकडे बघत बसले. मागून ताई चहाचे कप गोळा करत होती, ती म्हणाली, "अहो, लिहा. दोन पोरी आहेत त्याच्या. तुमच्या एका ओळीनं कुठे विमान पडणार नाहीये."

"व्हॉल्व्ह गॅसच्या लाइनीला लागतात," ते पुटपुटले.

"तो शिकून घेईल हो," मी म्हटलं. हे मीच म्हटलं. आणि लिहूनही टाकलं: 'आठ वर्षे माझ्यासोबत अंतिम तपासणीचे काम केले. कामावर निष्ठा आणि नजरेत अचूकता.' मग लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, कारण शेवटचं बटण ज्याच्या नावानं जायचं त्यानं दाबायचं असं आमचं ठरलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. डिंक्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी बटण दाबलं.

महिन्याभरात डिंक्याला नोकरी लागली. पलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कारखान्यात, तपासनीस म्हणून. पेढ्यांचा पुडा घेऊन तो ताईकडे आला, तिच्या पाया पडला, भावोजींना उचलायला गेला आणि दोघेही सोफ्यावर कोसळले. "तुलाही आत घेतो बघ," तो म्हणत राहिला. "मोठी जागा निघू दे. मी आहे ना तिथे!" ताई कितीतरी दिवसांनी त्या दिवशी हसली.

त्यानं शब्द पाळला. पेन्सिलीच्या गोलाला तीन आठवडे उरले असताना त्याच कारखान्यातून भावोजींना फोन आला. वरिष्ठ तपासनीस, फायनललाच. नंतरचं सगळं मला भावोजींनी दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, काही न गाळता, खुर्चीचा रंग कोणता होता इथपर्यंत.

डिंक्या त्यांना बाहेरच्या बाकावर भेटला. छातीवर कंपनीचा बिल्ला, पण चेहरा उतरलेला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "आत माझं काही निघालं तर सांभाळून घे हं. एक लॉट परत आलाय गिऱ्हाइकाकडून. आटे बसत नव्हते. माझी सही आहे."

"मोजला नव्हतास?"

"गेज घातला होता रे. मला वाटलं बसला."

एवढ्यात आत बोलावलं.

आत दोघं होती. गुणवत्ता विभागाची प्रमुख, बाई, पस्तिशीची, हाताला तेलाचे डाग. आणि माणसं भरती करणारा एक तरुण साहेब, समोर लॅपटॉप. बाईंनी प्रश्न फार विचारले नाहीत. पाच व्हॉल्व्ह आणि एक गेज पुढे ठेवला. "सांगा." भावोजींनी आधी खोलीचं तापमान विचारलं. बाईंनी उठून एसी वीसवर आणला. भावोजींनी वीस मिनिटं थांबायला लावलं, मग मोजलं. चौथा नापास केला. मग म्हणाले, "आणि गेज बदला. झिजलाय. यानं तुम्ही खराब माल पास करताय." बाईंनी कपाटातून मूळ गेज मागवून ताडून बघितलं. खरंच झिजलेला निघाला. त्या टेबलावर हात आपटून तरुण साहेबाला म्हणाल्या, "सहा महिने मी हेच सांगतेय, कुणी ऐकतं का माझं!" आणि भावोजींकडे वळून, "कधीपासून येऊ शकाल?"

"उद्यापासून," भावोजी म्हणाले.

तेव्हा त्या तरुण साहेबानं लॅपटॉप वळवला. "एकच गोष्ट. आमच्याकडे तुमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांच्याबद्दल हे तुम्ही लिहिलंय. आठ वर्षं तुमच्याबरोबर अंतिम तपासणी." मग खाली खाली जात त्यानं इतरांची पानंही दाखवली. सगळ्यांची तारीख एक. आणि पाच ठिकाणी तेच, कामावर निष्ठा आणि नजरेत अचूकता. "बाकीचं सोडा," तो म्हणाला. "लोक करतात असं. पण या गृहस्थांचं आज दुपारी ठरवायचंय. गेज झिजलेला होता, चूक एकदाच झाली असेल, अनुभवी माणूस असेल, तर समज देऊन ठेवू. तुम्ही आठ वर्षं बघितलंय. तुमचा शब्द चालेल आम्हाला. त्यांनी तपासणीचं काम केलंय ना?"

भावोजी मला म्हणाले, "धाकटे, मी पाणी मागितलं. आणलं त्यांनी. काचेचा ग्लास होता. सगळं प्यायलो." मी पोळपाटावरचं पीठ झाडत राहिले.

"मग?"

"मग सांगितलं. तो पॅकिंगला होता."

बाईंनी विचारलं, "हे मग कुणी लिहिलं?"

"बटण मी दाबलं," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

तरुण साहेबानं आभार मानले, कळवू म्हणाला. बाई त्यांच्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. वाईट वाटलेलं दिसत होतं त्यांना. "तुमच्यासारखा हात मी बघितला नाही," त्या म्हणाल्या. "पण फायनलला तुमची सही शेवटची असणार. त्यानंतर कुणी बघणार नाही. आणि न मोजता केलेली तुमची एक सही मी आत्ता वाचली."

"बरोबर आहे तुमचं," भावोजी म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. त्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

बाहेर बाकावर डिंक्या नव्हता. आतून बोलावणं आलं होतं.

मुलाखतीच्याच दिवशी संध्याकाळी डिंक्याच्या बायकोचा ताईला फोन आला. ताईनं फोन कानापासून लांब धरला तरी मला शेजारी बसून ऐकू येत होतं. "तुमच्या नवऱ्याला एक हो म्हणता आलं नाही? स्वतःला मिळणार नव्हतं म्हणून माझ्या नवऱ्याचं काढून घेतलं?" ताईनं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि मग भावोजींवर तुटून पडली.

"खरंच, काय जात होतं तुमचं? दोघांच्याही नोकऱ्या राहिल्या असत्या! एवढी वर्षं लोकांचं नापास केलंत, आता स्वतःचं घर नापास करा!"

"तो गेज घेऊन उभा राहिला असता तिथे," ते म्हणाले. "उद्या, परवा, रोज. तो व्हॉल्व्ह कुणाच्या तरी ओट्याखाली बसला असता."

"मग त्या रविवारी का दाबलंत बटण?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी पिशवी उचलली आणि घरी निघाले.

ग्रुपवर रात्रीपर्यंत पन्नास निरोप आले. ज्या तिघांना तोवर कामं लागली होती त्यांनी घाईघाईनं आपापल्या शिफारशी काढून टाकल्या. वेल्डरनं लिहिलं, 'मायक्रोमीटरनं आपलाच माणूस रिजेक्ट केला.' त्याखाली कुणी हसण्याचं चित्र टाकलं, कुणी रागाचं. भावोजींनी सगळं वाचलं आणि ग्रुप सोडला नाही. "मी का सोडू? त्यांना काढायचं तर काढतील," म्हणाले. दुसऱ्या दिवशी काढलं.

ते एकदा डिंक्याच्या घरी जाऊन आले. दार त्याच्या थोरल्या मुलीनं उघडलं. "बाबा झोपलेत," म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. आतून दूरदर्शनचा आवाज येत होता. ते पायरीवर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

पेन्सिलीचा गोल आला तसा गेला. त्या दिवशी दुपारी भावोजी माझ्याकडे आले, तेव्हा मला वाटलं गॅपचं काहीतरी विचारायला आलेत. मी आधीच विचार करून ठेवला होता. "भावोजी, या वर्षासाठी आपण 'स्वतंत्र गुणवत्ता सल्लागार' लिहू. सगळे लिहितात. खोटं नाही ते, रिकाम्या जागी काहीतरी हवं म्हणून..."

"कुणाला सल्ला दिला मी?"

मी लॅपटॉप पुढे ओढला.

"जागा रिकामी राहू दे. रिकामी आहेच ती." मग खिशातून चौकोनी घडीचा कागद काढला. "हे टाइप कर. डिंक्याचं. तू काही घालू नकोस हं, आहे तसंच."

कागदावर त्यांच्या तक्त्यातल्यासारख्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'यांनी आठ वर्षे पॅकिंगचे काम केले. त्या काळात वाहतुकीत माल खराब झाल्याच्या तक्रारी माझ्या टेबलावर येत असत. यांच्या हाताने बांधलेल्या खोक्याची एकही तक्रार आली नाही. हे मी स्वतः नोंदींवरून पाहिलेले आहे. पूर्वी मी यांच्याविषयी तपासणीच्या कामासंबंधी जे लिहिले ते चुकीचे होते. चूक माझी.'

"शेवटची दोन वाक्यं नकोत," मी म्हटलं. "तुमचंच नुकसान आहे. जो बघेल तो..."

"लिही."

मी आहे तसं टाइप केलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम जास्त पडला होता तो काढायला लावला, आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं की समोरच्या व्यक्तीनं स्वीकारल्यावर शिफारस दिसू लागेल.

"किती वेळ लागतो?"

"त्यानं उघडून हो म्हटलं की लगेच."

ते साडेपाचपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मी दोनदा चहा केला. मग ताईचा फोन आला तेव्हा उठले.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. ताईनं एका दवाखान्यात नंबर लावून घ्यायचं काम धरलंय. सकाळी आठला जाते, तीनला येते, पाय सुजतात. डिंक्या एका गोदामात ठेकेदाराकडे खोकी बांधतो, असं वेल्डरच्या बायकोकडून कळलं. भावोजी रोज सकाळी एक अर्ज भरतात. त्यांच्या पानावर अजून पंचवीस वर्षं दहा महिने आहेत आणि त्यापुढे काही नाही. उत्तर चार मिनिटांत येतं. ते घड्याळ लावून बघतात, आणि वहीत लिहून ठेवतात. सर्वांत लवकर आलेलं एक मिनिट पन्नास सेकंदांत आलं. ते वाचणाऱ्या यंत्राचं त्यांना जरा कौतुकच वाटतं. "काय वेग आहे!" म्हणतात.

पंधरवड्यातून एकदा माझ्याकडे येऊन ते डिंक्याचं पान उघडायला लावतात. 'पाठवली आहे. अद्याप स्वीकारलेली नाही,' असं तिथे लिहिलेलं असतं. परवा मी म्हटलं, "पुन्हा पाठवू का? कदाचित त्यानं बघितलंच नसेल."

"बघितलंय," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी उघडलं होतं त्यानं. तारीख दिसते बघ बाजूला."

खरंच दिसत होती. इतके दिवस माझ्या लक्षात आली नव्हती. ते खुर्ची आत सरकवून उठले आणि ताईच्या परतायच्या वेळेला दवाखान्याच्या दारात उभं राहायला गेले.